पंधरावी चप्पल कुणाची?

मी पॅड बोलतोय. परीक्षेला जाताना मुलं बगलेत मारून नेतात ना, तपकिरी पुठ्ठ्याचा, वर लोखंडी चाप असलेला, तोच. मला कधी कुणी काही विचारत नाही. माझ्यावर कागद ठेवतात, लिहितात, कागद काढून नेतात. पण पेनाचा दाब आधी माझ्या अंगावर उमटतो, त्यामुळे लिहिलेलं सगळं मला सगळ्यांच्या आधी कळतं. एवढा एक मान मला आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून आम्हाला बनवायचे आणि शेवटी चाप ठोकायचे. माझा चाप ठोकणाऱ्या माणसाचं त्या दिवशी कुणाशी तरी वाजलं असावं, कारण त्याने तो तिरका ठोकला. त्यामुळे दुकानात मी ढिगाच्या तळाशीच पडून राहिलो. मग एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. त्यांनी माझा चाप उघडला, बोट आत घालून पाहिलं आणि "आई गं!" म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "वाकडा आहे, पण पकड बघ कसली आहे! हाच घेऊ."

ती मुलगी माझी मालकीण. आजतागायत तीच आहे.

तिचा पेपर नेहमी वेळेआधी संपायचा. उरलेल्या वेळात ती माझ्या पाठीवर वर्गात फेऱ्या मारणाऱ्या मास्तरांची चित्रं काढायची. एकाला मिशा, एकाला शेपूट, एकाच्या खिशातून डोकावणारं मांजर. ती चित्रं अजून आहेत माझ्या अंगावर. हे सांगून ठेवतो, कारण पुढे कित्येक वर्षं ती स्वतःच ती विसरली होती.

कॉलेजात असताना तिला लेखक व्हायचं वेड लागलं. लिखाणाचा एक वर्ग चालवणारे सर होते. मोठे विद्वान, बोलताना डोळे मिटायचे. ते म्हणायचे, "आधी वेदना हवी. वेदनेशिवाय साहित्य नाही." माझ्या मालकिणीची पंचाईत झाली. आईवडील प्रेमळ, तब्येत ठणठणीत, प्रेमभंगसुद्धा एकच आणि तोही तिला नंतर हसू आणणारा. मग तिने वेदना गोळा करायला घेतली. एक कादंबरी सुरू केली. त्यात एक बाई खिडकीशी बसून बाहेर बघते. पहिल्या चाळीस पानांत ती तेवढंच करते. लिहिताना मालकीण इतके उसासे टाकायची की माझ्यावरचे कागद हलायचे.

कादंबरीतले भाग मासिकांना गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. परत आलेली पानं ती कपाटात रचून ठेवायची.

पोटासाठी ती टेक्निशियन झाली. ज्यांची किडनी काम करत नाही त्यांचं रक्त मशीनमधून शुद्ध करतात, त्या डायलिसिसच्या विभागात. आठ पलंग, आठ मशीन. एकेकाला चार तास पडून राहायचं, आठवड्यातून तीन वेळा. तिथले प्लॅस्टिकचे पॅड महिन्याभरात मोडायचे, म्हणून तिने मला घरून आणलं. दर तासाला पेशंटचं ब्लडप्रेशर आणि मशीनवरचे आकडे ती माझ्यावर लिहायची. गंमत म्हणजे इथे ती कधी उसासे टाकत नसे. उलट आठही पलंगांना हसतं ठेवायची.

तीन नंबरच्या पलंगावर ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवलेले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी त्यांची पाळी असे, पण गुरुवारी हमखास दांडी.

"काका, परवा का नाही आलात?"

"मधला स्टॉप तो. गाडी नेटाने चालली असली की मधला स्टॉप सोडून द्यायचा."

गाडी मुळीच नेटाने चालत नव्हती. शनिवारी यायचे तेव्हा पाय सुजलेले, वजन चार किलो वाढलेलं, दोन वाक्यांमध्ये धाप. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की असंच चालू राहिलं तर एखाद्या गुरुवारची दांडी शेवटची ठरेल. त्यांची सून दाराशी येऊन मालकिणीला म्हणायची, "ताई, तुम्हीच सांगा त्यांना. आमचं काही ऐकत नाहीत." मालकीण सांगायची. काका मान डोलवायचे आणि गुरुवारी यायचे नाहीत.

आता त्या मंगळवारची चूक सांगतो. विभागातला प्रिंटर अधूनमधून फिकट छापायचा. ते फॉर्म बाद व्हायचे आणि मालकीण ते पाठकोरे कागद स्वतःच्या लिखाणासाठी पिशवीत टाकायची. त्या दिवशी पिशवीतला गठ्ठा चांगल्या फॉर्मच्या गठ्ठ्यात मिसळला. उपचाराआधी पेशंटची सही घ्यायची असते. तिने फॉर्म माझ्या चापात अडकवला आणि मला काकांच्या हातात दिलं. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता. पण काकांनी तीस वर्षं प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू बघितल्याशिवाय गाडी हलवली नव्हती. त्यांनी कागद उलटला.

मागच्या बाजूला एक गोष्ट सुरू होत होती. चहाच्या सुट्टीत, कुणाला न दाखवण्यासाठी लिहिलेली. एका इमारतीत एका दुपारी सगळ्या दारांबाहेरची उजव्या पायाची एकेक चप्पल नाहीशी होते. डावी जागच्या जागी. सगळे जिन्यात एका पायावर उभे राहून भांडताहेत. शेवटची ओळ अशी होती: इमारतीत घरं चौदा, पण मोजल्या तेव्हा गेलेल्या चपला भरल्या पंधरा.

काका हसले नाहीत. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"पंधरावी कुणाची?"

मालकीण लाजेने लाल झाली. "अहो काका, ते चुकून आलं. द्या इकडे. ते आपलं असंच, डोकं हलकं करायला लिहिलेलं."

"देतो. आधी पंधरावी कुणाची ते सांग."

"मलाच माहीत नाही अजून."

"मग माहीत करून घे," काका म्हणाले आणि सही केली. "मी गुरुवारी येतो."

आणि गुरुवारी ते आले. सून त्यांच्यामागे उभी राहून मालकिणीकडे बघत राहिली, काय जादू झाली तिला कळेना. मालकिणीने घाईघाईने सकाळीच खरडलेलं दुसरं पान पुढे केलं.

तिथे माझी खरी गरज पडली. डायलिसिसमध्ये एका हातात दोन सुया असतात. तो हात हलवायचा नाही. उरलेल्या एका हाताने सुटे कागद सांभाळता येत नाहीत, ते छातीवर लोळतात. म्हणून मला काकांच्या पोटावर उशीच्या आधाराने उभं केलं. माझा तिरका चाप एका अंगठ्याने उघडतो, सरळ चाप उघडला नसता. त्या कामगाराचं भांडण सत्कारणी लागलं म्हणायचं.

शेजारच्या पलंगावर बाई असत. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. डोळे अधू, जीभ तल्लख. काका मोठ्याने वाचायचे आणि बाई ऐकायच्या.

"मला वाटतं सेक्रेटरीच चोर," काका म्हणत.

"शक्यच नाही. वॉचमन. त्याने सलाम करायचा टाळला दुसऱ्या पानावर," बाई म्हणत. मग मालकिणीला बजावत, "आणि हे बघ, चोर आधीपासून गोष्टीत असायला हवा. ऐन वेळी बाहेरून माणूस आणलास तर मी मार्क देणार नाही."

हळूहळू आठही पलंग त्यात ओढले गेले. मालकीण शिकत गेली, पण कुठल्या वर्गात नाही. अक्षर मोठं हवं, कारण औषधांनी नजर धूसर होते. एका पानात एक तरी घटना हवी, कारण एका हाताने पान काढणं कष्टाचं आहे आणि त्या कष्टाचं चीज व्हायला हवं. ब्लडप्रेशर मोजायच्या आधी विनोद नको. एकदा काकांचा आकडा वर गेला आणि तिने शेऱ्यात खरं कारण लिहिलं, 'हसल्यामुळे'. हेड सिस्टरनी तिला झापलं, आणि मग विचारलं की वॉचमनचं पुढे काय झालं.

आणि एक गोष्ट तिने कुणी न सांगता हेरली. गुरुवारचं पान सगळ्यात रंगतदार व्हायला हवं.

नऊ गुरुवार काका आले. पाय उतरले. चेहऱ्यावर तजेला दिसू लागला.

मग सरांचा फोन आला. त्यांच्या ओळखीचे एक प्रकाशक खिडकीतल्या बाईची कादंबरी बघायला तयार होते, मात्र महिन्याभरात शेवट लिहून द्यायला हवा होता. मालकीण हरखली. तिने चपलांची गोष्ट थांबवली आणि खरं सांगायचं तर मला राग आला. पण पॅडच्या रागाला विचारतो कोण!

"काका, थोडे दिवस थांबाल ना? तोवर हे वाचा. हे माझं खरं लिखाण," असं म्हणून तिने कादंबरीची पानं माझ्या चापात लावली.

काकांनी तीन पानं वाचली. "छान आहे. वजनदार आहे," म्हणाले आणि झोपी गेले.

बाईंनी मात्र भीड ठेवली नाही. "अगं, ही बाई खिडकीतून उठणार कधी? आम्हाला उठता येत नाही, म्हणून आम्ही पडून आहोत. हिच्या हाताला कुठे सुया टोचल्यात?"

मालकीण हसली नाही. घरी जाऊन तिने मला टेबलावर आपटलं.

पुढच्या गुरुवारी तीन नंबरचा पलंग रिकामा राहिला. शनिवारीही रिकामा. दुपारी सुनेचा फोन आला. फुप्फुसात पाणी झालं होतं. काका वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात, ऑक्सिजनवर होते.

सलाइनची खोकी ठेवतात त्या खोलीत जाऊन मालकीण एका खोक्यावर बसली. मी तिच्या मांडीवर. ती रडली. मग माझ्यावरच्या कादंबरीच्या पानांकडे तिने बराच वेळ पाहिलं, चाप उघडला, सगळा गठ्ठा उलटा करून पुन्हा लावला, आणि त्या पाठकोऱ्या बाजूंवर चपलांची गोष्ट पुढे लिहायला घेतली. पेन इतकं जोरात चालत होतं की माझ्या अंगावर अजून वळ आहेत. खिडकीतली बाई खाली तोंड करून पडली होती, बिचारी.

सोमवारी काकांना स्ट्रेचरवरून खाली आणलं. तोंडावर मास्क. बोलता येत नव्हतं. त्यांनी मोकळ्या हाताने माझ्याकडे बोट केलं. मालकिणीने मला त्यांच्या पोटावर ठेवलं आणि त्या दिवशी काकांऐवजी तिनेच वाचून दाखवलं. ऐकायला बाई नव्हत्या, कारण तो त्यांचा वार नव्हता. वॉचमन निर्दोष सुटला तिथे मास्कच्या आत काका हसले.

पुढे मास्क निघाल्यावर ती म्हणाली, "काका, मी गोष्ट बंद केली म्हणून तुम्ही आला नाहीत ना?"

"छे गं. दांडी माझी, दोष तुझा कसा? तीस वर्षांत कुठल्या पॅसेंजरवर अपघात ढकलला नाही मी." मग म्हणाले, "पण यायला निमित्त असलं की बरं पडतं."

तिने सरांना फोन केला तेव्हा मी समोरच होतो. कादंबरी देणार नाही म्हणाली. काय लिहितेय तेही सांगितलं. पलीकडून सरांचा आवाज मला नीट ऐकू येत होता.

"ही करमणूक झाली. पडून पडून कंटाळलेली माणसं काहीही वाचतात."

"नाही सर, काहीही नाही वाचत. माझी कादंबरी वाचताना झोपले ते," ती म्हणाली. "मला कंटाळलेल्या माणसांसाठीच लिहायचंय. मला तेच जमतं, आणि सर, मला ते आवडतं."

तिने 'आवडतं' म्हटलं आणि मला माझ्या पाठीवरचा शेपटीवाला मास्तर आठवला. दहा वर्षांच्या मुलीला जे ठाऊक होतं ते पुन्हा सापडायला तिला इतकी वर्षं लागली. मला तिचा फार अभिमान वाटला.

चपलांची गोष्ट पाच महिन्यांनी संपली. एका मंगळवारी तिने शेवटचं पान आणलं. बाईंनी ते डोळ्यांजवळ धरून स्वतः वाचलं आणि म्हणाल्या, "मला पहिल्यापासून संशय होताच." साफ खोटं! शेवटपर्यंत त्या वॉचमनला सोडायला तयार नव्हत्या. मग पान काकांकडे आलं.

काकांनी ते हातात घेतलं आणि न वाचता उलटं करून माझ्या चापाखाली सरकवलं.

"वाचा ना, काका!"

"शेवटचा स्टॉप आला की उतरावं लागतं. घाई काय आहे? गुरुवारी वाचू."

गुरुवारी म्हणाले, शनिवारी. शनिवारी म्हणाले, मंगळवारी. या गोष्टीला आता सात महिने झाले. काकांची एकही दांडी नाही. दर खेपेला ते आधी माझा चाप उघडून पान आहे ना, एवढं बघतात, आणि मिटतात. मालकिणीची दुसरी गोष्ट सुरू झाली आहे, एका हरवलेल्या लिफ्टची. तिची पानं येतात, वाचून होतात, दुसऱ्या पलंगावर जातात. शेवटचं पान मात्र सगळ्यात खाली, पालथं. वरच्या बाजूला दिसते ती खिडकीतली बाई. आता तिला तिथे बसून राहायला कुणाची हरकत नाही.

मी म्हातारा झालोय. सलाइन सांडून माझा एक कोपरा फुगलाय, चाप गंजलाय. नवे पॅड आले आहेत, आणि मला कचऱ्यात टाकायचं हेड सिस्टर दोनदा बोलल्या. त्यांना माझी एकच विनंती आहे. खुशाल टाका, पण आधी तीन नंबरला विचारा.

पंधरावी चप्पल कुणाची, ते मला माहीत आहे. ती ओळ लिहिताना माझ्याच अंगावर उमटली. पण मी सांगणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. आज बुधवार आहे आणि उद्या काका येणार आहेत.