पायाखालची गोणपाटं

मी दाजींची जीप बोलतेय. बोलतेय कसली, कर्रर्र करतेय! गेली दोन वर्षं माझ्या तोंडून दुसरा शब्दच फुटला नाही. आज मात्र ऐकाच, कारण उद्या सांगायला मी उरेन असं दिसत नाही.

लष्करातली नोकरी संपवून मी लिलावात निघाले, साल एकोणऐंशी. उलव्याच्या दाजींनी मला आणलं. त्यांचं मिठागर खाडीला लागून. बांधावरच्या चिखलात ट्रक रुतायचे, मी नाही. पुढे दाजी आणि त्यांची बायको सखूबाई, मागे मिठाच्या गोणी. दाजी मला म्हातारे म्हणायचे, पण दसऱ्याला पहिला हार मलाच.

मिठानं घात केला. खाऱ्या पायांनी माणसं चढायची, गोणी ठिबकायच्या, आणि माझा तळाचा पत्रा कुजून भोक पडलं. दाजींनी त्यावर गोणपाट घातलं. पुढच्या हंगामात त्यावर दुसरं, मग तिसरं. जुनं काढतील तर शपथ! क्लचच्या पेडलखाली चांगली गादी झाली. दाजी पाय दाबायचे, पण पेडल अर्ध्यातच गोणपाटावर टेकायचं. क्लच पुरता सुटलाच नाही, तर गिअर पडणार कसा? मी ओरडायचे. दाजींना वाटलं, गिअरबॉक्स गेला.

ट्रकला बांधून मला पनवेलला काळूराम मिस्त्रीकडे न्यायचं ठरलं. तेव्हा काय केलं माहीत आहे? पोराला डॉक्टरकडे नेताना तोंड पुसतात ना, तसं दाजींनी मला धुतलं. शहरात लाज नको, म्हणून घाणेरडी गोणपाटं काढून बांधावर वाळत घातली. रोग घरी, रोगी दवाखान्यात! काळूरामनं गिअरबॉक्स उघडला. आतले दात शाबूत. बंद करून त्यानं मला फिरवलं, तर मी एकदम गुणाची. घरी आले, दुसऱ्या दिवशी वाळलेली गोणपाटं परत पायाखाली, आणि परत कर्रर्र.

दुसऱ्या खेपेला क्लचप्लेट बदलली. तिसऱ्या खेपेला काळूराम वैतागला. म्हणाला, इथे तर काहीच होत नाही. घरी आवाज आला की इंजिन बंद करून गिअर टाकून बघा, गपचूप पडला तर गिअरबॉक्स ठीक, क्लच सुटत नाही समजायचं. देवा, किती आशा वाटली मला! पण माझं इंजिन एकदा बंद झालं की धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही. त्यामुळे कामावर असताना दाजी ते बंदच करत नसत. बघू म्हणाले आणि विसरले.

परवा पहिला गिअर पडता पडेना. दाजींनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"म्हातारे, आता नाय होत गो तुज्याकडून."

अहो दाजी, वाका की जरा, पायाखाली बघा! जीव तोडून ओरडले मी. आवाज तोच.

काल भंगारवाला निकेश आला. बसण्याआधी त्यानं ओली गोणपाटं ओढून बांधावर फेकली. पेडल तळापर्यंत गेलं आणि गिअर पडला, कसलाही आवाज न होता. निकेशला त्याचं काय, त्याला लोखंड हवं होतं.

दाजींचे डोळे भरले. सखूबाईला म्हणाले, "बगितलंस? जाताना कुरकुरली पन नाय. रागावली गो आपल्यावर."

सखूबाईनं ती गोणपाटं उचलली. हातातल्या जाड गठ्ठ्याकडे ती बघतच राहिली. तेवढंच मला दिसलं, मग वळण आलं.

आता मी पनवेलच्या भंगारात उभी आहे. शेजारच्या टेम्पोचे सकाळपासून दोन तुकडे झाले, त्याच्यानंतर माझा नंबर. सखूबाई, ती गोणपाटं वाळत घालू नकोस गं. दाजींच्या पुढ्यात टाक आणि दोघं इकडे या. मिळेल ते वाहन धरून या, नाहीतर चालत या. परत जायला मी आहे.