पोटदुखीची खाट

बसायचं तर खुशाल बसा, पण डावीकडे नको. मी शाळेच्या आजारी-खोलीतली लोखंडी खाट बोलतेय. माझ्या डाव्या पायाखाली गणिताचं पुस्तक आहे. गणिताचा इतका आधार या शाळेत दुसऱ्या कुणालाच मिळालेला नाही.

जन्म माझा वेल्डिंगच्या दुकानातला. मी कुरकुरले की भूकंप झाला समजून सगळी शाळा मैदानात पळते, असं मी सांगत असते. पळाली होती एकदाच, तीही सुट्टीची घंटा ऐकून.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा आजार एकच. चाचणी आली, पोट दुखतं. मैत्रिणीने बोलणं टाकलं, पोट दुखतं. दहावीतल्या एका दांडग्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याचंही पोटच दुखलं. शाळेच्या नर्सबाई, म्हणजे सगळ्यांच्या सिस्टर, हे ओळखून होत्या. त्या काही विचारायच्या नाहीत. पाठमोऱ्या बसून बँडेज गुंडाळत राहायच्या. समोर डोळे नसले की मुलांना कंठ फुटायचा.

नववीतली एक मुलगी फार यायची. वर्गाने तिचं नावच 'पोटदुखी' ठेवलं होतं. ती निजली की बाही सरकायची आणि दंडावर बोटांचे वळ दिसायचे. एकदा उशीत तोंड खुपसून ती पुटपुटली, "आज बाबा घरीच असतील." ते मी ऐकलं. सिस्टरपर्यंत पोचलं नाही.

पुढच्या खेपेला ती उठून बसली.

"सिस्टर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"माझा सगळा राग या बँडेजवर निघतो. बोल तू."

बराच वेळ ती चादरीची दशी ओढत राहिली. "उद्या सांगते."

"बरं. उद्या."

त्याच संध्याकाळी सिस्टरच्या लेकीचं बाळंतपण अडलं आणि त्या तातडीने परगावी गेल्या. बदलीवर आलेल्या बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या.

"ताप तर नाही. रोज काय गं पोट दुखतं? नाटकं पुरे, वर्गात जा."

"सिस्टर कधी येतील?"

"का, माझ्या हाताला काटे आहेत?"

मुलगी कसनुशी हसली, चादर नीट केली आणि गेली. मी जिवाच्या आकांताने कुरकुरले. बाई म्हणाल्या, "हिला तेल द्यायला हवं."

सिस्टर परतल्या तेव्हा तिला बापाने शाळेतून काढून कुठेतरी नेलं होतं. "पत्ता नाही ठेवला," तिची मैत्रीण म्हणाली, "आणि सिस्टर, तो तिला मारायचा." सिस्टर त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या. कुलूप होतं. पोलिसांतही जाऊन आल्या. मग माझ्यावर बसून रडल्या.

आता कुणी "उद्या सांगते" म्हटलं, की त्या बँडेज खाली ठेवतात. "आजच सांग. मी थांबते."

उद्या मी भंगारात जाणार आहे. ती मुलगी कुठे दिसली, तर लगेच काही विचारू नका. नुसते शेजारी बसा, आणि उठायची घाई करू नका.