भैय्याजी सरांचा तिसरा डोळा

प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती आणि नेहरू नगरातल्या त्या कोचिंग क्लासमध्ये भैय्याजी सरांच्या लॅपटॉपभोवती ही झुंबड उडाली होती. कुणी लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं होतं, कुणी उदबत्ती लावली होती. सर एकेकाचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून घेत, डोळे मिटून काही पुटपुटत, आणि डोळे उघडताच तीनशे ओळींतला न जुळणारा कंस अचूक दाखवत.

"कंस म्हणजे जोडपं असते, बेटा," सर सांगत. "एकटा राहिला का त्याचं रडणं ऐकू येते मले. बारा वर्षांची साधना आहे."

यात साधना किती आणि सोंग किती, हे नूतन मॅडमना पक्कं ठाऊक होतं. लॅबचे संगणक त्याच सांभाळत.

तेवढ्यात आम्रपाली त्यांच्यापाशी आली. रेल्वेतल्या फिटरची ही पोर वर्षभर सगळ्यांच्या आधी येऊन बसत असे.

"मॅडम, मी क्लास सोडून राहिली. सर म्हणते, माझ्यात तो तिसरा डोळाच नाही. बाबाले सांगून टाकलं, ये मेरे बस का नहीं."

जूनमध्ये सरांनी लॅबच्या वीसही संगणकांवरची एक सोय नूतन मॅडमकडूनच बंद करवून घेतली होती. रंग दिसले की पोरं आळशी होतात, म्हणे. मॅडमनी नोकरीकडे पाहून मान डोलावली होती.

"थांब," त्या म्हणाल्या. सगळ्यांना बोलावून त्यांनी आम्रपालीच्या संगणकावर एडिटरची सेटिंग उघडली आणि कंसांच्या जोड्या दाखवण्याच्या सोयीपुढे खूण केली. "आता कर्सर एकेका कंसावर ने."

पहिल्यावर नेला, त्याचा जोडीदार पिवळा झाला. दुसऱ्याचाही झाला. तिसरा मात्र एकटाच लाल झाला. आम्रपालीनं तिथे हवा तो कंस टाकला आणि प्रोग्रॅम चालला.

"सरांच्या लॅपटॉपवर हे कायम चालू असते," मॅडम म्हणाल्या. "डोळे किलकिले ठेवून ते कर्सर फिरवतात आणि लाल रंग दिसला की डोळे उघडतात, बस."

सरांनी लॅपटॉप मिटला. पोरं हसू लागली, आम्रपाली हसली नाही.

"मग आमच्या मशीनवर कावून नव्हतं?"

"मीच बंद केलं होतं."

"मी वर्षभर स्वतःले ढ समजत होती. तुम्ही रोज पाहत होत्या नं?"



तेव्हा मंडळी, कुणी तिसऱ्या डोळ्याची बात केली, तर हात जोडण्याआधी आपले दोन डोळे उघडून त्याच्या पडद्याकडे पाहा. आणि युक्ती तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच दिवशी सांगा. गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच असले चमत्कार चालतात.