डाग समजून

"ताई, चौदा तारखेचा तुमचा फोटो उघडा. आत्ताच्या आत्ता!" आकाशदर्शन मंडळातला नीरज फोनवर ओरडत होता.

"अरे भिया, ड्यूटीवर आहे मी. समोर लोकांचं रक्त पडलंय."

"राहू द्या ते रक्त. सिंह राशीतल्या आपल्या त्या दीर्घिकेत तारा फुटलाय. सुपरनोव्हा! जपानच्या एका माणसाने सोळाला पकडला, काल जाहीर झालं. तुम्ही चौदाला तिथेच कॅमेरा लावून बसला होता. दोन दिवस आधी! असणारच ताई, तुमच्या फोटोत असणारच."

अंबिका मागे सरकून स्टुलावर टेकली. स्नेहलतागंजच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारी ही बाई. पगार बेताचा, मान कायमची आखडलेली. अवस जवळ आली की भाड्याच्या व्हॅनमध्ये दुर्बीण टाकायची, नवऱ्याला, दिवाकरला, शेजारी बसवायचं आणि चोरल गावाच्या पुढे एका ओळखीच्याच्या शेतावर जायचं. इंदूरचं आकाश दिव्यांनी केव्हाच खाऊन टाकलं होतं. नणंद म्हणायची, "अवसेला रानात जाते बाई, करणी-बिरणी करते की क्या!" अंबिका तिथे तीन-तीन मिनिटांचे साठ फोटो काढायची आणि घरी येऊन ते एकावर एक रचून त्यांचा एक करायची. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला उजेड तेव्हा कुठे कागदावर उतरायचा.

ठिपका होता. दीर्घिकेच्या कडेला, मोहरीएवढा. तिने तो पाहिला होता.

मंडळाच्या प्रदर्शनाचा सगळा कारभार यशवर्धनकडे. त्यानेही पाहिला होता. पंधराला तिच्या लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाला होता, "मॅडम, ये दाग निकाल दो ना. सफाईत नंबर वन शहर आहे आपलं, फोटोत कचरा कसा चालेल?"

ती हसली होती. कॅमेऱ्यातलाच काही दोष असेल, असं धरून चालली. गेल्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून बघायला दहा मिनिटं लागली असती. तिने माउस दोनदा फिरवला आणि ठिपका गेला.

लॅबमध्ये नव्या पोरींना हीच बाई फाडून खायची. अनोळखी पेशी दिसली की आधी लिहा, मग विचारा, पुसायचं तर नावच काढू नका. आणि स्वतः? चार रिकामटेकड्या माणसांनी 'कित्ता साफ!' म्हणावं म्हणून एका मरत्या ताऱ्यावर पोछा मारून मोकळी झाली.

"ताई? ऐकताय ना?"

"होता."

"होता? मग तर..."

"पुसला मी."

पलीकडे विजय नगरच्या नीरजच्या ऑफिसातली कुणाची तरी खुर्ची करकरली, तीसुद्धा तिला ऐकू आली.

"मूळ फाइली आहेत?" त्याने हळूच विचारलं.

"साठच्या साठ."

"मग झालं! आपण लिहू, तेव्हाच ओळखला होता, शेतावर नेटवर्क नव्हतं, नंतर तब्येत बिघडली. त्या जपान्याच्या बरोबरीने तुमचं नाव लागेल ताई. एकतीस वर्षांत कुणी विचारलंय तुम्हाला?"

कुणी नाही. हेच तर टोचलं. नाव! आयुष्यात तिचं नाव फक्त रिपोर्टच्या खाली, तेही डॉक्टरांच्या सहीपुढे बारीक अक्षरात. तिने डोळे मिटले.

"फाइली पाठव. तारा आधी किती मंद होता ते शास्त्रज्ञांना कळेल, कामाला येईल. आणि खाली लिही, दिसला होता, डाग समजून पुसला."

"असं कोण लिहितं, ताई?"

"मग मी लिहिते."

संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये तिचा फोटो दाराच्या समोरच लटकत होता, चार फुटी, सोनेरी चौकटीत. खाली पोहे-जिलेबीची गर्दी. अंबिकाने खुर्ची ओढली, वर चढली आणि चौकट खिळ्यावरून उचलली.

यशवर्धन धावत आला. "मॅडम! अहो चीफ गेस्ट येतायत! तिथे काय दाखवू मी?"

"खिळा दाखव. खूप साफ आहे."

"काकाजी, समझाओ ना इनको!"

दिवाकरने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. जिलेबीची प्लेट खाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि चौकटीची दुसरी बाजू धरली. "उतर सावकाश. खुर्ची हलतेय."

स्कूटरवर ती मागे बसली. चौकट दोघांच्या मधे, काच तिच्या छातीकडे. पलासियाच्या सिग्नलला गर्दी तुंबली. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने ती भली मोठी उलटी तसबीर पाहिली, मग अंबिकाचे डोळे पाहिले. पदर डोक्यावर ओढून घेत तिने हळूच विचारलं, "कौन चले गए, बहनजी?"

दिवाकरने आरशातून मागे पाहिलं.

"दूर के थे," अंबिका म्हणाली. "हमको देर से पता चला."

बाईने हँडल सोडून हात जोडले. अंबिकाचे दोन्ही हात चौकटीत गुंतलेले. तिने नुसतीच मान लववली.