तेजाबात पाणी

तेजाब पाण्यात घालायचा, पाणी तेजाबात घालायचे नाही. हे मला माहीत होते आणि माझी बायको जनी हिलाही माहीत होते. त्र्यंबकराव कारकुनांनाही माहीत होते, कारण साहेबाने हा नियम त्यांच्याच हातून लिहवून घेऊन खोलीच्या दारावर चिकटवला होता. तरी जनी मेली. ती कशी मेली ते लिहितो.

मी विश्राम, जातीचा महार. बाप पलटणीत हवालदार होता, म्हणून पलटणीच्या शाळेत मला लिहिणे-वाचणे शिकायला मिळाले. सन १८८४ मध्ये ठाण्याहून बाळकुमला जाणाऱ्या वाटेवर, खाडीच्या बाजूला, एका साहेबाने मिठाची परीक्षा करण्याची खोली काढली. मिठागरांतून मिठाचे नमुने येत, आणि त्यांत ओल किती, माती किती, हे साहेब पाही. तेजाब सांभाळणे माझ्याकडे होते. त्याला हात लावायला दुसरे कोणी तयार नव्हते. जनी अंगण झाडी आणि काचेची भांडी धुई. दोन वर्षांत तिच्या हातून एकही काच फुटली नव्हती, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

गंधकाचा तेजाब तेलासारखा दिसतो, पण तेलापेक्षा फार जड असतो. त्याला वास नाही, त्यामुळे नवखा माणूस फसतो. त्याच्यावर पाणी पडले की पाणी वरच्यावर उकळते आणि तेजाब घेऊन उडते. म्हणून भांड्यात आधी भरपूर पाणी घ्यायचे, मग काचेच्या कांडीवरून बारीक धारेने तेजाब सोडायचा. ढवळत राहायचे, तोंड बाजूला ठेवायचे. अंगावर पडलाच तर पुसत बसायचे नाही. कपडा ओढून काढायचा आणि पाणी ओतायचे, घटकाभर ओतत राहायचे. साहेब मोडक्या मराठीत म्हणे, "पहिला पानी, विश्राम. मागून डाक्तर."

खोलीच्या मागे गोड्या पाण्याची विहीर होती. त्या अंगाला दुसरी गोडी विहीर नव्हती, म्हणून शेजारची चार घरेही तिचेच पाणी नेत. आम्हाला तिच्यावर जाता येत नव्हते. गोमाजी नावाचा मराठा शिपाई होता. तो पाणी काढी आणि आमच्या भांड्यात वरून ओती. मी माझे चिनीमातीचे पातेले जोत्याखाली ठेवी, गोमाजी पाणी ओतून बाजूला होई, मग मी तेजाब सोडी. असे रोज चाले.

चैत्रातल्या एका दिवशी गोमाजी बहिणीच्या सोयरिकीसाठी कल्याणला गेला. साहेब भिवंडीकडे गेला होता आणि दुपारी परत येणार होता. त्र्यंबकरावांनी मला ठाण्याच्या स्टेशनावर काचसामानाची पेटी आणायला पाठवले. मी नसताना जे झाले ते जनीने मला अंथरुणावर पडून सांगितले. दोनदा सांगितले, आणि दोन्ही वेळा सारखेच.

त्र्यंबकराव आंघोळ करून, कोरे धोतर नेसून जोत्यावर आले. त्यांची जेवायला घरी जाण्याची वेळ झाली होती.

"अगं ए जने, विश्राम्या कुठे तडफडला?"

"तुमीच नाय का टेसनावर धाडलंत, महाराज?"

"मग ही तांब्याची मापं कोण उजळणार? साहेब आल्यावर या मापांसारखं काळं तोंड करून उभा राहू?"

"काळी नाय, दोन हिरवी बी झाल्यात."

यावर त्र्यंबकराव हसले. ते हसले हे जनी मला मुद्दाम सांगे. माणूस रागात नव्हता, असे तिचे म्हणणे.

"फार बोलतेस. रोज बघतेस ना त्याला? काढ तेजाब आणि कालव. मापं त्यात टाकून ठेव."

जनीने पातेले जोत्याखाली आणून ठेवले. "पानी घाला, महाराज."

त्यांनी पाण्याची कळशी उचलली आणि पातेल्याकडे पाहिले. रिकाम्या भांड्यात वरून धार पडली की पाणी उलटे उडते. महाराच्या भांड्यातले शिंतोडे अंगावर आले असते तर त्यांना पुन्हा आंघोळ करावी लागली असती.

"थांब. आधी तेजाब घाल. तळाला काही असलं म्हणजे शिंतोडे उडत नाहीत."

"पानी पयलं घालायचं असतं. ते म्हनतात उलटं केलं तर उडतं."

"ते कोण? विश्राम्या? आता विश्राम्याला विचारून मी कामं करू?"

"दारावर बी लिवलंय म्हनं."

"ते मीच लिहिलंय, बये. साहेब घाबरट आहे. डाळीत पाणी घाल नाहीतर पाण्यात डाळ घाल, शेवटी आमटीच होते ना? चल, मला उशीर होतोय. आणि पातेलं नीट धर, धारेनं कलंडेल."

जनीने पातेल्यात तेजाब घातला आणि दोन्ही हातांनी पातेले धरून खाली बसली.

त्याच वेळी मी डोक्यावर पेटी घेऊन फाटकातून आत आलो. त्र्यंबकराव एका हाताने धोतर आवरून, दुसरा हात जितका लांब जाईल तितका लांब करून कळशी कलती करत होते. पातेल्याच्या तळाला काय आहे ते मला दिसत नव्हते. पण शेजारी तेजाबाची बरणी उघडी होती, त्यावरून मी ओळखले.

"ओतू नका!" मी ओरडलो.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. हात तसाच राहिला आणि पाणी पडले.

तापलेल्या लोखंडावर पाणी पडावे तसा आवाज झाला आणि पांढरी वाफ उठली. जनी ओरडली नाही. ती फक्त "अवं" म्हणाली, मला हाक मारते तशी, आणि दोन्ही हात तोंडावर नेले. हातांनाही तेजाब होता.

मी पेटी टाकून धावलो. तिचा पदर ओढून काढला. तिचे हात तोंडावरून खाली ओढून धरले. "पाणी! महाराज, पाणी ओता!"

कळशी त्यांच्या हातून पडून सांडली होती. ते भिंतीला टेकून स्वतःचे मनगट पाहत होते. "माझ्यावर उडालं रे. हे बघ, हे बघ."

"विहिरीचं काढा, महाराज! लवकर!"

"काढतो, काढतो," म्हणत ते आत गेले. आत माठ होता. ते मनगटावर पाणी घेत होते ते मला दारातून दिसत होते. एक तांब्या, दुसरा, तिसरा. नियम त्यांना चांगला पाठ होता.

मी जनीला बगलेत धरून विहिरीपर्यंत नेले आणि कठड्याच्या दगडाला टेकवून बसवले. पोहरा कठड्यावर होता. शेजारच्या घरातून आवडाबाई बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला पाहिले आणि ओरडल्या, "अरे, शिवू नकोस! आम्ही पितो ते पाणी!" आतून त्र्यंबकरावही म्हणाले, "विश्राम्या, विहीर बाटवू नकोस. मी आलोच."

मी उभा राहिलो. कोणीतरी येईल आणि वरून ओतील, म्हणून उभा राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. जनी तोंडातल्या तोंडात "पानी, पानी" म्हणत होती. मग मी तिला उचलले आणि खाडीकडे धावलो.

खाडीला ओहोटी होती. गुडघाभर चिखल, पाणी पार मधोमध. मिठागराच्या चरीत थोडे पाणी होते, पण ते मीठ धरायला आलेले, दाट. तेच मी ओंजळीने तिच्या तोंडावर मारले. तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली. त्यानंतर ओरडणे थांबले नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टराने चुन्याची निवळी आणि तेल एकत्र करून लावले. डोळे उघडून पाहिले. दोन्ही पांढरे झाले होते, शिजवलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे. "पाणी कधी लागलं?" त्याने विचारले. मी खाडीचे सांगितले. तो म्हणाला, "तिथल्या तिथे लागलं असतं तर एक डोळा तरी राहिला असता. कदाचित बाईही राहिली असती. आता तेजाब तोंडातून आणि नाकातून आत गेलाय." हे तो तिच्या उशाशीच बोलला. तिचे कान चांगले होते.

तिसऱ्या दिवशी साहेबाने मला बोलावले. आधी पेटीतल्या काचा किती फुटल्या ते विचारले. मग जनीचे विचारले. मी सगळे सांगितले. त्र्यंबकराव मनगटाला पट्टी बांधून समोर उभे होते.

"मी पाणी ओतलं, ते चुकलं," ते म्हणाले. "पण याला विहिरीचं पाणी काढायला मी आडवा आलो नाही. विहीर बाटवू नकोस म्हणालो, ते कोणीही म्हणेल. विचारा त्याला, मी त्याचा हात धरला का?"

"धरला?" साहेबाने मला विचारले.

"नाही, साहेब."

"पोहरा होता?"

"होता."

साहेबाने हुकूम दिला, की अंगणात महारांसाठी एक वेगळे पिंप ठेवावे आणि ते गोमाजीने रोज भरावे. बाहेर आल्यावर त्र्यंबकराव मला म्हणाले, "वाईट झालं रे विश्राम. पण तुझंही काही कमी चुकलं नाही." त्यानंतर त्यांनी मला विश्राम्या म्हणणे सोडले.

जनी नऊ दिवस जगली. पहिले पाच दिवस ती बोलली ते फक्त त्या दिवसाबद्दल. मग ताप चढला आणि तोंडाची कातडी सुटू लागली. तिची आई लक्ष्मी खडवलीहून येऊन उशाशी बसली होती. ती कापसाच्या बोळ्याने लेकीच्या ओठांत पाणी सोडी. ते अर्धे बाहेर येई.

आठव्या दिवशी सकाळी जनीचा ताप थोडा उतरला.

"अवं, हायेत का?"

"इथंच आहे."

"एक इचारू? रागवाल."

"विचार."

"माजी पाट दगडाला लागली व्हती. थंड दगड. म्हंजी हीर व्हती ना?"

"होती."

"मंग पानी का नाय काढलंत?"

सासूने हातातला बोळा थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. दोघी वाट पाहत होत्या.

"दोर तुटला होता," मी म्हणालो.

जनीने हाताने चाचपत माझा गुडघा धरला.

"बरं झालं इचारलं," ती म्हणाली. "माज्या मनात भलतंच आलं व्हतं. मी म्हनलं, हे भ्यालं का काय."

सासू रडायला लागली. जनी तिला म्हणाली, "आये, रडू नगस. दोरच नव्हता तं ते तरी काय करतील? मला उचलून खाडीवर पळालं. कोन पळतं बायकोसाठी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दोर धड होता. त्याच आठवड्यात गोमाजीने तो नवा बांधला होता, त्याची कुसळे अजून त्याच्या हाताला टोचत. सासू खडवलीला परत गेली आणि सगळ्या वाडीत सांगत सुटली, की माझ्या लेकीला नवरा देवमाणूस मिळाला होता, दोर तुटला नसता तर त्याने तिला वाचवली असती. तिकडचे लोक आता मला पाहिले की उठून उभे राहतात. मागच्या महिन्यात सासू वाकून माझ्या पाया पडायला आली. मी पाय मागे घेतले. ती म्हणाली, "असू द्या, जावई," आणि पडली.

मी तिला अजून काही सांगितलेले नाही.