वरचा एक इंच

माझ्या सासऱ्यांचा देवावर विश्वास नाही, काँक्रीटवर आहे. आयुष्यभर त्यांनी इमारतींची गणितं चोख केली आणि शेवटी प्रत्येक स्लॅबची जाडी एक इंच वाढवली. ‘असू दे आपला,’ म्हणायचे. त्यांच्याच ऑफिसात इंजिनिअर म्हणून बसायला लागल्यापासून हा इंच माझ्या डोक्यात जात होता.

मग बाळंतिणींच्या दवाखान्याचं काम आलं. जमीन भुसभुशीत. नेहमीचे जाड स्लॅब घातले तर पाया कितीतरी मोठा लागणार, आणि डॉक्टरीणबाईंना ते झेपणारं नव्हतं. त्या वरचा मजलाच गाळायला निघाल्या. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली होती. मी हट्टालाच पेटले. नकाशात स्लॅब खालून कप्प्याकप्प्यांचा केला, जिथे काँक्रीटचा उपयोग नव्हता तिथलं काढून टाकलं. सिमेंट कमी, म्हणजे ते भाजणाऱ्या भट्टीचा धूर कमी, खर्च कमी आणि पायावरचं ओझंही कमी. वरचा मजला बसत होता.

"कागदावर काय, सगळंच उभं राहतं," सासरे म्हणाले. सही त्यांचीच लागणार होती. "आधी एक तुकडा ओतून दाखव."

कंत्राटदाराने आवारात तुकडा ओतला. तो पुरता घट्ट झाल्यावर टेकू काढले, वर टाकी ठेवून पाणी भरलं, किती वाकतो ते दाखवणारी सुई खाली लावली. सुई जेमतेम हलली. कंत्राटदाराने टाळ्या वाजवल्या. माझं मात्र पित्त खवळलं. स्लॅब माझ्या हिशेबापेक्षा फारच कमी वाकला होता, आणि काँक्रीट कुणावर उपकार करत नसतं. पाइपसाठी ठेवलेल्या भोकात मी टेप घातला. जाडी एक इंच जास्त!

कंत्राटदार स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला.

"मीच सांगितलं त्याला," सासरे म्हणाले. "तुझ्या पहिल्याच मोठ्या कामाला नाट लागू नये म्हणून."

"बाबा, तुम्ही मला नापास होऊ दिलं नाहीत, पण पासही होऊ दिलं नाहीत!" माझा आवाज चढला. "फोडा हा. पुन्हा ओतू."

"सासू-सुनेची भांडणं ऐकली होती," कंत्राटदार पुटपुटला. "इथं तर सासराच!"

दुसऱ्यांदा ओतताना मी तिथून हलले नाही. सासरेही हलले नाहीत. जादा काँक्रीट स्वतः फळीने ओढून काढत होते, तोंड मात्र कडू औषध प्यायल्यासारखं.

तो घट्ट झाल्यावर पुन्हा पाणी चढलं. सुई सरकली, सरकतच राहिली. अखेर ती माझ्या आकड्यापाशी येऊन थांबली. मी सासऱ्यांपुढे पेन धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. चष्मा सारखा केला आणि सरळ स्लॅबखाली जाऊन उभे राहिले, काठोकाठ भरलेल्या टाकीच्या बरोब्बर खाली.

"बाबा, बाहेर या!"

"का? ज्या छताखाली मी उभा राहणार नाही, त्याला माझी सही नाही."

गणित बरोबर होतं, मी पुन्हा पुन्हा तपासलं होतं. तरी त्यांच्या पांढऱ्या केसांवर ते छत बघताना, खरं सांगते, मला तो एक इंच हवासा वाटला. इतकी वर्षं ते कशाला भीत होते, ते तेव्हा कळलं. पण मी नजर सुईवर खिळवली. सुई हलली नाही.

सासऱ्यांनी हात उंचावून छत चाचपलं.

"आण ते पेन," ते म्हणाले. "आणि तूही ये इथे. बाळं अशाच छताखाली निजणार आहेत."

मी पेन घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.