मागे टाकणारा शब्द

मी शब्दपट्टी बोलतेय. अनंतराव सरांनी मला शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलं आणि निळ्या स्केचपेननं माझ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला, 'सरपास'. खाली अर्थ लिहिला: मागे टाकणे, वरचढ ठरणे.

सरांच्या गंगाखेडच्या घरात अशा दीडदोनशे पट्ट्या होत्या. सरांचा नियम असा की, पट्टीवरच्या शब्दाचं वाक्य घरातल्याच माणसांची नावं घालून करायचं, म्हणजे शब्द डोक्यात बसतो. बाकीच्या शब्दांचं बरं होतं. कुणी जेवलं, कुणी हसलं की भागायचं. मला मात्र दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक मागं राहावं लागतं.

सरांच्या थोरल्या लेकीनं, मैत्रेयीनं, माझ्या पाठीवर इंग्रजीत लिहिलं, 'मैत्रेयीनं उत्तराला मागे टाकलं.' धाकट्या, आठ वर्षांच्या उत्तरानं भोकाड पसरलं.

"रडू नको ग. घे, तूच जा पुढं," म्हणत मैत्रेयीनं दोन्ही नावं खोडली आणि अदलाबदल करून लिहिली. उत्तराचं रडं लगेच थांबलं. मलाही तेव्हा गंमतच वाटली.

चार वर्षांनी मैत्रेयी तापानं गेली. सतरा वर्षांची होती, बारावीची परीक्षा तोंडावर आली होती.

आता उत्तरा बारावीत आहे. जुन्या पुस्तकात मी तिला सापडले, तेव्हापासून ती मला रोज हळू आवाजात वाचते. वाचून झालं की थांबते. ताई उच्चार सुधारायची ना, म्हणून. खरं सांगते, त्या शांततेत मलाही कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. माझा पुठ्ठा गार पडतो.

परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला, तरी तिनं फॉर्म भरला नव्हता. सर समजावून थकले. दुपारी आई, सुमंगलाबाई, जवळ येऊन बसल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मला उचललं.

"काय लिहिलंय ह्याच्यावर? रोज हेच वाचायलीस."

"मी ताईला मागं टाकलं, असं लिहिलंय." उत्तरा म्हणाली. "आई, मीच रडून लिहून घेतलं ग तिच्याकडून. आता परीक्षा दिली की ते खरंच होईल. मला ताईच्या पुढं जायचंच नाही."

सुमंगलाबाईंनी मला उजेडाकडं धरलं. त्यांचा अंगठा मैत्रेयीच्या नावावर होता.

"जा की पुढं," त्या म्हणाल्या. "लय पुढं जा. मला एका तरी लेकीचे केस पांढरे झालेले बघायचेत."

उत्तरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. मग उठून तिनं फॉर्म पुढं ओढला. पहिल्या रकान्यात आपलं नाव लिहिलं.

मी अजून त्याच पुस्तकात आहे. पुढच्या महिन्यात उत्तरा अठरा वर्षांची, म्हणजे ताईपेक्षा मोठी होईल. माझी एवढीच विनंती आहे, त्या दिवशी मला कुणी मोठ्यानं वाचू नका.